एसटी, लोंबी आणि एक घुंगरू

शेफाली त्या दिवशी मार्गासनीहून भोरला निघाली ती सरळ भांडायच्या तयारीनं. नसरापूर येईपर्यंत तिनं पहिली चार वाक्यं पाठ केली, कामथडी मागं पडली तेव्हा आणखी दोन, आणि भोरच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिच्याकडे एक अख्खं भाषण तयार होतं. आषाढाचे शेवटचे दिवस. वरून पाऊस भुरभुरत होता, पण शेफाली इतकी तापली होती की तिनं छत्री उघडलीच नाही.

कारणही तसंच होतं. शेफाली चार्म ब्रेसलेट बनवायची. मनगटात नाजूक साखळी, आणि साखळीला लोंबणारी चिमुकली लटकनं, म्हणजेच चार्म. बाकीच्या पोरी दुकानातले तयार बदाम आणि तारे लावायच्या. शेफालीचे चार्म मात्र तिनं स्वतः कागदावर काढलेले आणि पुण्यातून ओतून आणलेले असायचे. इंद्रायणी भाताची लोंबी, कोल्हापुरी चप्पल, चहाचा कप, आणि सगळ्यांत लाडकी, लाल मीना भरलेली नखाएवढी एसटी! मोबाईलवर फोटो टाकला की वेल्ह्यापासून साताऱ्यापर्यंतच्या पोरी तुटून पडायच्या. आणि आता त्याच पोरींचे मेसेज येत होते. ताई, माझी चप्पल पडली. ताई, माझा कप हरवला. भोरच्या सराफाकडून घेतलेल्या बारीक कड्या उघडत होत्या, आणि नाव शेफालीचं खराब होत होतं.

ती सराफाच्या पायरीवर चढली, स्वतःचं ब्रेसलेट घातलेला हात उंच केला आणि जोरात हलवला. "ही बघा तुमची कडी! ही मजबूत म्हणायची का?"

कडीनं त्याच क्षणी तोंड उघडलं. लाल एसटी हवेत उडाली, पायरीवर आपटली, आणि टुणकन उडी मारून, खाली बसलेल्या एका तरुणाच्या मण्यांच्या परातीत जाऊन पडली.

तो पायरीच्या कडेला पोतं अंथरून बसला होता. रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला, बोटं झरझर चाललेली. पटवेकरी होता. दागिने रेशमात गाठवून देणारा. त्यानं परातीतून दोन बोटांनी एसटी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी आमच्या डेपोत लागली बगा. पर प्याशिंजर कुनी उतरलं न्हाई."

शेफालीचं सगळं भाषण घशातच राहिलं. तिनं रागानं बघायचा फार प्रयत्न केला... पण हसू आलं ते आलंच.

"ड्रायव्हरच धड नाही, तर पॅसेंजर कुठून बसणार?" ती म्हणाली.

"ड्रायव्हर बरा हाय. कडी वाईट." त्यानं तिच्या मनगटाकडे बघितलं, मग हळूच वर तिच्या डोळ्यांकडे. "पत्र्याच्या कडीला तोंड असतं. तोंड असलं की ते कवातरी उघडायचंच."

"म्हणजे मला टोमणा मारताय?"

"छ्या! म्या कडीचं बोलतोय." आणि तो असा काही हसला की शेफालीला उगाचच छत्री उघडावीशी वाटली, पायरीवर छप्पर असूनही.

त्याचं नाव हनुमंत. त्यानं एसटीच्या टपावरच्या भोकातून काळं रेशीम ओवलं, अंगठ्याशी ताण दिला, तीन वेढे घेतले आणि दातांत टोक धरून गाठ आवळली. "आता ओढा."

शेफालीनं ओढलं. मग जोरात ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. एसटी जागची हलली नाही. सराफ आतून विचारत होता, "काय तक्रार होती, ताई?" आणि ताईंना ती आठवतच नव्हती.

त्यानंतर शेफालीला भोरला फारच कामं निघू लागली. आधी आठ दिवसांतून एकदा येणारी पोरगी एक दिवसाआड एसटीत दिसू लागली. आईनं विचारलं तर म्हणायची, "ऑर्डर आहे गं." ते खोटंही नव्हतं. तोरण्यावर माणसं घेऊन जाणाऱ्या वेल्ह्याच्या एका ट्रेकिंग ग्रुपनं तिला पंचवीस पुरुषी ब्रेसलेटं सांगितली होती. काळं रेशीम आणि त्याला गडाचा छोटा बुरूज. साखळी नको, कारण चढताना साखळी कातळाला घासते. रेशीम म्हटलं की हनुमंत आला. आणि हनुमंत म्हटला की शेफालीला सकाळी सहालाच जाग येऊ लागली.

काम कमी आणि वाद जास्त, असं चाललं होतं. एकदा तो म्हणाला, "ह्ये तुमचं चार्मचं खूळ नवंच हाय, न्हाई का?"

"नवं?" शेफाली पोत्यावर मांडी ठोकूनच बसली. हा तिचा जीव की प्राण असलेला विषय. "अहो, माणूस गुहेत राहत होता तेव्हापासून शिंपले आणि हाडं दोऱ्यात ओवून मनगटाला बांधतोय. इजिप्तचे राजे तर मेल्यावरसुद्धा चार्म घालून झोपले, वरच्या देवांना ओळख पटावी म्हणून."

"आधार कार्डच म्हना की."

"चेष्टा नको! मग इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. तिच्या ब्रेसलेटला छोटी लॉकेटं, त्यांत पोराबाळांचे केस. राणीनं घातलं म्हटल्यावर सगळ्या बायकांनी घातलं. पुढं दुसरं महायुद्ध संपलं आणि सैनिक घरी परतताना गावोगावच्या बारक्या वस्तू घेऊन गेले, आपापल्या बायकांसाठी, मैत्रिणींसाठी. ज्या गावी गेलो, त्या गावची एक खूण. मग वाढदिवसाला एक चार्म, लग्नाला एक चार्म... बाईच्या मनगटावर तिची सगळी गोष्टच लिहिलेली असायची."

हनुमंतचा दोरा थांबला होता. "आनि आता?"

"मधे जाड मणी सरकवायची फॅशन आली. आता चपट्या डब्या एकीला एक जोडतात, इटालियन म्हणतात त्याला. वीस वर्षांपूर्वी कोपऱ्यात पडली होती तीच फॅशन पोरी पुन्हा शोधून काढतायत."

"सैनिकाचं बेस हाय," तो हळूच म्हणाला. "जिकडं गेला तिकडनं तिच्यासाटी कायतरी आनलं... मला कुठं जायाचंच न्हाई. म्या ह्या पायरीवर बसनार. म्या काय आनायचं?"

प्रश्न कुणासाठी होता कोण जाणे, पण शेफालीचे कान तापले. पागोळ्यांचं पाणी पायरीवर टपटपत होतं.

तेवढ्यात हनुमंतची आई, फुलाबाई, डबा घेऊन आली. तिनं ते इजिप्तचं आणि राणीचं सगळं मागं उभं राहून ऐकलं होतं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "राणीचं कवतिक सांगतीस व्हय गं पोरी? चल घरी, तुला दावते."

घर गल्लीच्या टोकालाच होतं. फुलाबाईनं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. आत मऊ कापडात गुंडाळलेल्या मनगट्या होत्या. काळे मणी, मधे पोवळं, चांदीत मढवलेलं एक वाघनख, एक ताईत आणि एक इवलंसं घुंगरू. दोन बोटं जेमतेम आत जातील एवढ्या.

"हन्म्याच्या बारशाला ह्याच्या बापानं गाठवल्या. काळे मनी दिष्टीला, वाघनख भ्या वाटू नये म्हनून, आनि घुंगरू... पोर रांगत कुठं गेलं त्ये आईला कळावं म्हनून."

शेफालीनं ते तळहातावर घेतलं आणि तिच्या अंगावर काटाच आला. सगळ्या जगाचा इतिहास तिनं मोबाईलवर वाचला होता, आणि हा तिच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका डब्यात पडून होता! तिच्याही हातात बारशाला मनगट्या होत्या की. फोटो होता घरी.

"म्हंजे म्या बारा दिवसांचा असल्यापास्नं चार्म ब्रेसलेटवाला," हनुमंत दारातून म्हणाला. "आनि तुमी मला शिकवताय!"

तिघंही हसली. फुलाबाईनं तिला नीट निरखलं आणि सुस्कारा सोडला. "असली एक लेक असती तर... ह्याला बहीन न्हाई बाई. दर राखीच्या पुनवेला ह्याचा हात मोकळा बगून माजा जीव तुटतो."

त्या बोलण्याकडे शेफालीनं लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं असतं तर पुढचा घोटाळा टळला असता.

श्रावण लागला. राखीपौर्णिमेच्या आधीच्या बाजाराला भोरची गल्ली राख्यांनी नुसती लकाकत होती. सराफाच्या पायरीसमोरच ठकुबाईनं राख्यांची गाडी लावली होती. ठकुबाई म्हणजे बाजाराचं वर्तमानपत्र, आणि तेही रोज दोनदा निघणारं. मधेच ऊन पडत होतं, मधेच सर येत होती, आणि प्रत्येक सरीला ठकुबाई राख्यांवर प्लास्टिक ओढताना पावसाच्या सात पिढ्या उद्धरत होती.

शेफाली बुरुजांची पिशवी घेऊन आली होती. हनुमंतनं पहिलं ब्रेसलेट गाठवून तयार ठेवलं होतं. काळ्या रेशमाचा गोफ, मधोमध चांदीचा बुरूज. इतकं देखणं की ती बघतच राहिली.

"पण माप?" ती म्हणाली. "माझ्या मनगटावर बघून काय उपयोग? पुरुषाचा हात पाहिजे."

"म्या कोन हाय मग? झाड?"

शेफालीनं खाली मान घालून हसू दाबलं. "द्या मग हात."

हनुमंतच्या डाव्या हातात रेशमाची लड होती, उजवा मोकळा होता. त्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग लड उजव्या हातात घेतली आणि डावा हात पुढं केला. शेफालीनं गोफ त्याच्या मनगटाभोवती फिरवला. तिच्या बोटांना त्याच्या नाडीची धडधड लागत होती... का ती तिच्याच बोटांची होती? गाठ बसेना. एकदा निसटली, दोनदा निसटली.

"घाई न्हाई," तो अगदी हळू म्हणाला. "सावकाश बांदा."

तिसऱ्या खेपेला गाठ बसली. आणि त्याच क्षणी समोरून ठकुबाई कडाडली, "अगं बया! हन्म्याला राखी बांदली! फुलाबाय, ए फुलाबाय, धाव! तुज्या पोराला बहीन मिळाली!"

शेफालीनं वर बघितलं. भर राखीच्या बाजारात, दोनशे माणसांच्या देखत, तिनं एका तरण्या पोराच्या मनगटाला रेशमाचा दोरा बांधला होता. दुसरं कुणी काय समजणार होतं?

"नाही हो, हे माप..." ती म्हणेपर्यंत फुलाबाई धावत आली. आणि पोराच्या मनगटावरचा दोरा बघून अशी काही रडू लागली, की शेफालीचं वाक्य अर्धंच राहिलं. "सव्वीस वरसांनी गं माजे बाय! माज्या मनातलं वळखलंस!" तिनं शेफालीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पुनवेला जेवायला यायचं. नारळीभात करते. रीतीनं, पाटावर बसवून बांद."

हनुमंतनं तोंड उघडलं, आईच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मिटलं. कुणीतरी शेफालीच्या हातात पेढा ठेवला. तिनं तो खाल्लासुद्धा!

पुढचे पाच दिवस शेफालीनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. रेशमाचा एक दोरा बांधून आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला उठता-बसता आठवत होतं. तिला तो आवडत होता. आवडत होता काय, त्या पायरीवरून उठून आलं की तिला घरचा चहासुद्धा गोड लागत नव्हता. आणि आता गावच्या लेखी ती त्याची बहीण! नाही म्हणावं तर त्या माउलीचं रडणं डोळ्यांपुढं येत होतं. हो म्हणावं तर... पौर्णिमेला पाटावर बसवून एकदा राखी बांधली की विषयच संपला. मानलेलं नातं गंमत म्हणून मोडता येत नाही.

हनुमंतचा रोज एक मेसेज यायचा. ब्रेसलेटांचा फोटो आणि खाली 'दहा झाली'. मग 'अठरा झाली'. मग 'पंचवीस'. पुढं काही नाही. शेफाली ते एकेक ओळीचे मेसेज वीस-वीस वेळा वाचायची. एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. बाजारभर सगळे त्याला 'ताई कशी हाय तुजी' म्हणून चिडवत असणार, पण त्यानं एकाही मेसेजात ताई म्हटलं नव्हतं. मॅडमही नाही. काहीच नाही.

पौर्णिमेला लख्ख ऊन पडलं होतं. फुलाबाईच्या घरात नारळीभाताचा, वेलचीचा वास दरवळत होता. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताटात निरांजन, कुंकू, अक्षता. ठकुबाई आपल्या गाडीवरची सगळ्यांत मोठी राखी घेऊन पुढंच बसली होती. हनुमंत पाटावर. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत ओढून बटणं लावलेली. मान खाली.

फुलाबाईनं राखी शेफालीच्या हातात दिली. "बांद गं."

शेफाली गुडघ्यांवर बसली. राखी केवढी तरी जड वाटत होती. हनुमंतनं हळूहळू उजवा हात पुढं केला आणि पहिल्यांदाच वर बघितलं. त्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. होता तो फक्त एक प्रश्न.

तिनं राखी ताटात परत ठेवली.

"मावशी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते मी करीन. लेक म्हणा, घरची कामं सांगा, दर सणाला येईन. पण राखी बांधणार नाही. त्या दिवशी मी माप घेत होते. मला... मला यांची बहीण व्हायचं नाही."

फुलाबाईचा चेहरा पडला. "म्हंजे? बाजारात, समद्यांच्या देखत बांदलीस ती?"

"आई," हनुमंत म्हणाला, "ती कुठल्या हातावर बांदली व्हती, सांग बरं?"

"कुठल्या म्हंजे? हातावर!"

त्यानं उजव्या बाहीचं बटण काढलं. मनगट मोकळं. मग डाव्या बाहीचं काढलं. काळ्या रेशमाचा गोफ तिथंच होता, चांदीच्या बुरुजासकट. पाच दिवसांत त्यानं तो उतरवला नव्हता.

"राखी डाव्या हातात कोन बांदतं गं?" तो आईला विचारत होता, पण बघत होता शेफालीकडे. "माजा उजवा हात मोकळा व्हता त्या दिशी. म्या लड मुद्दाम तिकडं घेतली आनि डावा फुडं केला. राखीचा बाजार हाय, कुनीतरी कायतरी बोलनारच, एवडं मला कळत व्हतं. बहिनीचा दोरा व्हऊ नये म्हनून..." तो अडखळला. "पर तुज्या मनात काय हाय, मला कुठं ठावं व्हतं? आज तू खरंच राखी बांदली असतीस, तर म्या गप उजवा हात दिला असता. म्हनून दिलाबी."

शेफालीला आठवलं. लड इकडून तिकडं गेली होती. क्षणभर त्यानं बघितलं होतं. तिनं सगळं पाहिलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं! पाच दिवसांचं रडू आणि हसू एकदमच आलं, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"माज्या राखीचं काय आता?" ठकुबाई ओरडली. "गाडीवरची सगळ्यात भारी आनली व्हती म्या!"

"तुज्याच भावाला बांद जा!" फुलाबाईनं तिला गप्प केलं. मग तिनं आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "डावा-उजवा तवाच दिसाया पायजे व्हता मला! पटवेकऱ्याची बायको म्या, आनि दोरा कुठल्या हातात हाय ते बगितलं न्हाई!" ती पोराकडे वळली. "ऊठ. ऊठ पाटावरनं."

"का?"

"मांडलेला पाट रिकामा ठेवीत न्हाईत. पोरी, तू बस."

शेफाली पाटावर बसली. फुलाबाईनं तिला कुंकू लावलं, ओवाळलं आणि निरांजन खाली ठेवताना डोळे पुसत पुटपुटली, "मार्गासनीला कवा यायचं बोलनी कराया, ते इचारून ठेव तुज्या आईला."

मग हनुमंत तिच्यासमोर बसला. त्यानं खिशातून कापडाची पुरचुंडी काढली. त्यात ते इवलं घुंगरू होतं, बारशाच्या मनगट्यांतलं. दोऱ्याचं एक टोक त्यानं सवयीनं पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि तिच्या ब्रेसलेटवर, लाल एसटीच्या शेजारी, घुंगरू गाठवायला घेतलं.

"म्या कुठं जात न्हाई, पर तू दिसाआड येसटीत असतीस," तो म्हणाला. "कुठं गेलीस ते कळावं मला."

"आणि सुटलं तर?"

"वढून बग."

तिनं नाही ओढलं. पिशवीतून एक चार्म काढला, इंद्रायणी भाताची चांदीची लोंबी, आणि तळहात पुढं केला.

"आता तुमचा हात द्या."

"कोनता?" हनुमंतनं विचारलं, आणि शेफाली एवढी हसली की मनगटावरचं घुंगरू वाजलं. तोवर त्याचा डावा हात तिच्या हातात होता.